पाण्यावरची काडी

आमच्या सीताबर्डीच्या स्टुडिओत फोटो मोठा करून घ्यायला येणारी माणसं दोनच तऱ्हेची असत. घरातलं कोणी गेलं म्हणून आलेली, नाहीतर घरातली मुलगी सासरी जावी म्हणून आलेली. पहिल्यांचे आजोबा कुठल्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढावे लागत आणि त्यांच्या खांद्यावरचा व्याह्यांचा हात पुसावा लागे. दुसऱ्यांचं काम खास माझं. फोटो आमचे हे काढत, त्यावरची कारागिरी मी करी. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, शिसपेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि गालावरचे देवीचे व्रण, कपाळावरची खोक, डोळ्यांखालची जागरणं एकेक करून भरून टाकायची. नागपुरातल्या निम्म्या सुनांचे चेहरे माझ्या हाताखालून गेलेत असं मी अजूनही म्हणते, आणि आमचे हे मान खाली घालून हसतात. सांगायचं काय, तर त्या कामाचा मला भारी तोरा होता. तो मारोतरावांनी एका वाक्यात उतरवला.

एकाहत्तर-बाहत्तरचं साल असेल. एप्रिलचं ऊन चढलं होतं. दुकान सताड उघडं, आणि दाराच्या चौकटीवर तीन ठोके पडले. ठक, ठक, ठक, मध्ये सारखं अंतर. उघड्या दुकानावर कोण ठोकतो म्हणून मी वर पाहिलं, तर दार भरून एक माणूस उभा. हेच मारोतराव, साठीचे असावेत. धोतर, वर चौकीदाराचा खाकी शर्ट, खांदे बैलाचे आणि चेहरा मात्र एखाद्या भजन म्हणणाऱ्याचा. पिशवीतून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला, काउंटरवर पसरला आणि तळहातानं सपाट केला.

"याले मोठं कराचं आहे, बाई."

"केवढं?"

त्यांनी दोन्ही हात पसरून कपाटाच्या दाराएवढं माप दाखवलं.

कागद कुठल्याशा परदेशी मासिकाचा होता, गुळगुळीत, जाड. त्यावर समुद्र. समुद्र मी तोवर सिनेमातच पाहिला होता. आमचा समुद्र म्हणजे अंबाझरीचा तलाव, आणि तोही मे महिन्यात आटतो. तर त्या समुद्राच्या मधोमध पाणी फाटलं होतं. पांढऱ्याशुभ्र तुषारांचा डोंगर उसळला होता आणि त्यातून एक जाडजूड खांब सरळ आभाळाकडे निघाला होता, बुडाशी विस्तव घेऊन. आसपास होडी नाही, किनारा नाही, माणूस नाही. पाण्यातून आग निघताना मी कधी पाहिली नव्हती. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. आमचे हे आतून बाहेर आले, तेही माझ्या खांद्यावरून वाकले आणि बघत राहिले.

"काय आहे हे, काकाजी?" मी विचारलं.

"पाणबुडी."

"कुठाय पाणबुडी?"

"खाली," ते म्हणाले, आणि चित्रातल्या मोकळ्या पाण्यावर बोट ठेवलं, जणू त्यांना ती तिथे दिसत होती. "तिच्यातून राकेट सोडलं. ते निघालं वर. पाणबुडी खालीच आहे."

चित्राखाली इंग्रजीत बारीक मजकूर होता. मी अडखळत वाचून मराठीत सांगितला. बोट पूर्ण पाण्याखाली असताना तिच्यातून अग्निबाण सोडला, दुसऱ्या एका जहाजावरून हा फोटो काढला, असं काहीसं. चित्र दहाएक वर्षांपूर्वीचं होतं. मारोतरावांनी डोळे मिटून ते ऐकलं आणि "आणखी एक डाव वाचा," म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

ते वाडीला, अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर चौकीदार होते. मुंबईच्या बंदरातून परदेशी रद्दीचे गठ्ठे ट्रकांनी तिथे येत. त्यातल्या एका फाटलेल्या गठ्ठ्यातून हे पान वाऱ्यानं उडालं आणि त्यांच्या पायाशी येऊन पडलं. ही हकिगत त्यांनी अशी सांगितली, की पान त्यांच्याचकडे यायला निघालं होतं असं वाटावं.

यांनी चहा मागवला. मारोतरावांनी कप उचलला, प्यायले, आणि काउंटरच्या काचेवर परत ठेवला. आवाज झाला नाही. काचेवर चिनी मातीचा कप ठेवताना आवाज न होणं शक्यच नाही. मी मुद्दाम माझा कप ठेवून पाहिला, किणकिणला. त्यांनी ते बघितलं आणि ओशाळून म्हणाले, "सवय आहे, बाई. आम्ही खाणीवाले. इंजिन खलासी होतो मी, सावनेरच्या तिकडं. माणसायची डोली खालीवर करायचो. नव्या खलासीची परीक्षा काय, तर डोलीत भरलेला चहाचा कप ठेवायचा आणि तीनशे फूट खालून वर घ्याचा. बशीत थेंब नाही पडला पाहिजे."

"तुमचा पडला?"

"पहिल्या वर्षी पडला," ते म्हणाले. "मंग नाही."

मी मोठ्या हौसेनं कामाला लागले. पानाचा फोटो घेऊन यांनी मोठी निगेटिव्ह तयार केली, आणि ती काचेवर ठेवल्यावर माझ्या डोळ्याला पहिली काय दिसली असेल, तर एक रेघ. खांबाच्या जरा बाजूला, पाण्यातून उभी निघालेली, केसाएवढी. पान चार घड्यांत दुमडलेलं होतं, तेव्हा ओरखडा उठलेला असणार. फोटोत काळी दिसणारी रेघ निगेटिव्हवर पारदर्शक असते. पेन्सिलीनं भरली, की गेली. दोन दुपारी खपून मी ती अशी भरली, की आभाळाला आभाळ मिळालं. वीस बाय चोवीस इंचांचा कागद आमच्या स्टुडिओत तोवर कुणी पाहिला नव्हता. औषधाची ताटं पुरेनात म्हणून पत्र्याच्या टबात तो धुतला. वाळल्यावर भिंतीला लावला आणि आम्ही नवराबायको त्याच्यासमोर जेवलो.

मारोतराव आले. तीन ठोके. आत येऊन चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांचा एवढा मोठा देह हळूहळू सैल पडत गेला. हात जोडतात की काय असं मला वाटलं. मग ते पुढे झाले, वाकले, नाक कागदाला लागेल एवढे जवळ गेले.

"बाई, हे काहून मिटवलं?"

"काय मिटवलं?"

"इथं काडी होती."

"तो ओरखडा होता, काकाजी. मी साफ केला."

"ओरखडा नाही वं माय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "पाणबुडीची काडी आहे ते. खालून वर काढतात. खाली माणसं आहेत, त्यायची तेवढीच खूण. ते मिटवली, तं वरच्याले कसं समजन का खाली कोणी आहे?"

मी पान उलगडलं आणि भिंग लावलं. ओरखडा नव्हताच. काडी छापलेली होती, बुडाशी पाण्याचा बारीकसा फेस होता. खालच्या इंग्रजी मजकुरातही तिचा उल्लेख होता. एक शब्द मला अडला होता म्हणून मी तो दोन्ही वेळा गाळून वाचला होता. इतक्या वर्षांत इतके चेहरे पुसले, कोणी म्हटलं नव्हतं की बाई, यातलं माणूस पुसलंस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा करून देते, असं मी म्हणाले. ते हो म्हणाले, पण एक अट घातली. छापताना ते आत उभे राहणार.

आमच्या डार्करूममध्ये गिऱ्हाईक कधी आलेलं नव्हतं. ती खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ, त्यात मे महिना. नागपूरच्या उन्हाळ्यात औषधाचं पाणी एवढं तापतं की चित्र वितळतं, म्हणून टबाखाली बर्फाची लादी ठेवून सकाळी सातलाच आम्ही कामाला लागलो. लाल दिव्यात मारोतराव भिंतीला पाठ लावून उभे होते. कागदावर उजेड पाडला, कागद कोराच. मी तो औषधाच्या पाण्यात सोडला आणि टब हलवू लागले.

हे मी हजार वेळा केलं होतं. पण शेजारी कोणी पहिल्यांदा पाहत असलं, की आपणही पहिल्यांदा पाहतो. कोऱ्या कागदावर आधी समुद्र गडद झाला. मग पाण्याखालून पाणी वर यावं तसा तो खांब आला, सावकाश, काळा होत होत. तुषार पांढरेच राहिले. माझे हात टब हलवत होते. पाण्यातून निघणारी ती वस्तू माझ्या टबातल्या पाण्यातून निघत होती. सगळ्यात शेवटी, खांबाच्या बाजूला, केसाएवढी रेघ उमटली.

"आली," मारोतराव म्हणाले. पुढे कितीतरी वेळ ते त्याच्यावर वाकून उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. लाल दिव्यातही काही गोष्टी पाहू नयेत.

फ्रेम इतवारीत करायला दिली. तिथल्या फ्रेमवाल्याची सवय अशी, की मोठी फ्रेम आली की वरच्या पट्टीला दोन बारीक खिळे ठोकूनच द्यायची, हार लावायला. एवढा मोठा फोटो गेलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाचा असणार? मारोतरावांनी त्याच्या हातातली हातोडी अलगद धरली.

"खिळे नको, भाऊ."

"काहून? हार कशाले अडकवान?"

"हार नाही लागत. जिते माणसं आहेत यात."

फ्रेमवाल्यानं चित्र उभं धरलं, आडवं धरलं, माणसं शोधली. पुढे कितीतरी वर्षं तो मला भेटला, की विचारी, "तुमच्या त्या फोटोतले माणसं कुठं होते हो, ताई?"

त्यानंतर दर वर्षा-दोन वर्षांनी मारोतराव एखादं पान घेऊन येत. ट्रक डायवरांना त्यांचा नाद ठाऊक झाला होता. रद्दीत पाणबुडीचं चित्र दिसलं, की कोणी ना कोणी बाजूला काढून ठेवी. पण प्रत्येक पान ते मोठं करून घेत नसत. एकात बोट वर तरंगत होती. ते त्यांनी तिथल्या तिथे परत घडी करून ठेवलं. "हे तं दिसूनच राहिली. हिचा फोटो कायले?" आठ-दहा वर्षांत अशी पाच चित्रं झाली.

मधल्या काळात सीताबर्डीवर एक उंच इमारत झाली आणि तिच्यात लिफ्ट बसली. गावभर त्याचं कौतुक. खेड्यापाड्यातून बाजाराला आलेली माणसं उगाच वरखाली करून येत. मारोतराव लिफ्टमध्ये कधी बसले नाहीत, पण आमच्याकडे आले की तिच्या जाळीच्या दाराशी दहा मिनिटं उभे राहत, डोकं कलतं करून. एकदा मी बरोबर होते. लिफ्ट दोनदा वर गेली, दोनदा खाली आली. मारोतराव लिफ्टमनला म्हणाले, "बाबू, दोर बोलून राहिला."

"काय बोलते दोर?" लिफ्टमन हसला.

"एक पदर तुटला आहे. वरच्या चाकावर येते तेव्हा टिक म्हणते. माणसं नको बसवू आज."

लिफ्टमन कशाला ऐकतो! तेव्हा हा सज्जन माणूस, ज्यानं कधी कुणाला दारातून बाजूला सर असं म्हटलं नसेल, तो जाऊन लिफ्टच्या दारात मांडी घालून बसला. साहेब आले, चपराशी आले, रागावले, हातापाया पडले. मारोतराव हलले नाहीत. शेवटी दुपारी मेकॅनिक आला, वर चढला आणि उतरला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. तारदोराचा एक पदर खरंच तुटून चाकाला घासत होता. लोक मारोतरावांना शोधू लागले, तोवर ते आमच्या दुकानात चहा पीत बसले होते. कप ठेवला, आवाज नाही. मी त्यांच्याकडे आ वासून बघत होते. लोखंडाचं बोलणं ऐकू येणारा माणूस माझ्या स्टुलावर बसला होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

पाचवं चित्र पोचवायला आम्ही दोघं वाडीला त्यांच्या खोलीवर गेलो. दसरा होता. गोदामामागे भाड्याच्या खोल्यांची ओळ, बाहेर धुतलेले ट्रक, त्यांच्या बोनेटवर झेंडूचे हार. मारोतरावांची खोली दहा बाय दहाची. एक बाज, एक चूल, खुंटीवर खाकी शर्ट. आणि चारी भिंतींवर ते चार समुद्र. दारात पाय ठेवला आणि मी उंबऱ्यातच राहिले. दुकानात मी ती एकेक पाहिली होती. इथे एकत्र, डोळ्यांच्या उंचीवर, चारही बाजूंना पाणी फाटलेलं आणि चार खांब आभाळात चाललेले. खोलीला खिडकी नव्हती, आणि तरी एवढी मोकळी जागा मी जन्मात पाहिली नव्हती.

एक पंजाबी डायवर नेमका तेव्हाच हातात झेंडूची माळ आणि कुंकू घेऊन आला. "चाचाजी, आज तो इनकी भी पूजा होनी चाहिए. सब हथियारों का बाप है ये!"

"हत्यार नाही ते," मारोतराव म्हणाले आणि माळ त्याच्या हातातून घेऊन स्वतःच्या चुलीला घातली. डायवर हसत गेला. पण मला राहवलं नाही.

"काकाजी, तो खरं बोलला. हा बाँब असतो. असा एक पडला तर अख्खं नागपूर जाईल."

"मले मालूम आहे, पोरी." ते बाजेवर बसले. "डायवर लोक सांगतात. वाईटच वस्तू आहे ते. पण मी ते पाहतच नाही." त्यांनी पहिल्या चित्राकडे बोट केलं, काडीकडे. "मी हे पाहतो. खाली अंधारात शंभर माणसं असतीन. वर पाणीच पाणी. आणि वर दुसऱ्या जहाजावर एक जण फोटोची मशीन घेऊन उभा आहे. काय दिसून राहिलं त्याले? काही नाही. काडी दिसून राहिली. तेवढ्यावर तो थांबला ना! खाली माणसं आहेत म्हणून थांबला. नसता थांबला, तं हा फोटो निघाला असता का?"

मी फोटोवाल्याची बायको. फोटो कोणीतरी थांबून काढलेला असतो, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. निघताना मी पाहिलं, मारोतरावांनी नव्या चित्राच्या लाकडी पट्टीवर बोटाच्या पेरानं तीन ठोके दिले. मग जुन्या चारांवरही, एकेक करून. यांनी गमतीनं विचारलं, "काकाजी, आतून कोणी दार उघडते का?" मारोतराव नुसते हसले.

ते तीन ठोके काय होते, हे मला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कळलं. वीज गेली होती, काम बंद होतं, हे कोणाच्या तरी मुंजीला फोटो काढायला गेले होते. मारोतराव स्टुलावर बसून पंख्याकडे बघत होते. मी सहज विचारलं, की तुम्ही नेहमी तीनच का ठोकता.

"खाणीत तार असते," ते म्हणाले. "वरून खालपर्यंत. खालच्यानं तार ओढली, का माया डोक्यावर घंटी वाजे. एक वाजली तं थांब. दोन वाजल्या तं डोली खाली सोड. तीन वाजल्या, म्हणजे डोलीत माणसं बसले, वर घे, सांभाळून घे. घंटी वाजल्याशिवाय इंजिनचा दांडा हलवाचा नाही. कोणी अर्धा आत, अर्धा बाहेर असला आणि डोली हलली, तं कापल्या जाते माणूस. हा कायदा आहे. मी कधी मोडला नाही."

मग पंख्याकडेच बघत त्यांनी बाकीचं सांगितलं. त्रेपन्न-चौपन्न साली जुन्या बोगद्यातलं पाणी फुटून खाणीत घुसलं. त्यांनी डोली अकरा वेळा वर घेतली, दर वेळी तीन घंट्या, दर वेळी माणसं. बाराव्यांदा डोली खाली सोडली. चार जण यायचे होते. ते दांडा धरून बसले.

"घंटी वाजली नाही, पोरी. पण तार हलली."

"म्हणजे?"

"समोरच्या भिंतीवरून जात होती तार. एवढीशी. मी तिच्याकडंच पाहून राहिलो होतो. हलली ते. तीनदा हलली. पण घंटीपर्यंत जोर नाही आला. घंटी नाही वाजली." त्यांचा उजवा हात मांडीवर मुठीसारखा वळला होता. "आता काय करू? माणसानं ओढली असन, तं त्याच्यात तेवढाच जोर राहिला असन. पाण्यानं हलली असन, आणि मी डोली उचलली, आणि कोणी तेव्हाच चढून राहिला असन, तं? मी थांबलो. घंटी वाजन, घंटी वाजन म्हणून थांबलो. दिवस गेला. मंग साहेबानं मले उठवलं, दुसरा बसवला. त्यानं डोली वर घेतली."

मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"खाली होती," ते म्हणाले. आमच्याकडे रिकाम्याला खाली म्हणतात. "कोणी मले बोल लावला नाही. साहेबानं पाठ थोपटली, का तू कायद्यानं वागला. पण तार पाण्यानं हलली का माणसानं, हे मले सांगाले कोणी नाही. त्या दिवसापासून दांड्याले हात लावला नाही मी."

पंखा सुरू झाला. वीज आली होती. मला उठून दिवा लावायचा होता, पण उठवेना. काही वर्षांपूर्वी त्या काडीवर मी पेन्सिल फिरवली होती आणि आभाळाला आभाळ मिळालं म्हणून खूश झाले होते. मी एवढंच म्हणाले, "काकाजी, तुम्ही पाहत तर होता ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाहत होतो," ते म्हणाले, आणि चहाचा कप उचलून प्यायले.

त्र्याऐंशीच्या सुमारास त्यांचे दोन्ही डोळे गेले. एकाचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याचं करायला ते तयार झाले नाहीत. त्यांची एक पुतणी होती, सुमन, तिच्या घरच्यांची बेसा गावात शेती होती. बेसा तेव्हा शहरात आलेलं नव्हतं. कपाशीच्या वावरांतून बैलगाडीची वाट होती. सुमननं त्यांना तिकडे नेलं, आणि त्यांच्या हट्टापायी ती पाच चित्रंही गोदामाच्या ट्रकमधून, गोधड्यांत गुंडाळून.

मी गेले ते हिवाळ्याच्या एका सकाळी. सुमननं पुढच्या खोलीत बाज टाकून दिली होती, उन्हाच्या तिरपीत. मारोतराव त्यावर बसले होते. त्या प्रचंड देहाची नुसती चौकट उरली होती. चित्रं समोरच्या भिंतीवर ओळीनं लावली होती आणि प्रत्येकावर प्लॅस्टिकच्या फुलांची माळ होती. नवे खिळे ठोकलेले दिसत होते.

"येणारेजाणारे विचारतात, ताई," सुमन दबक्या आवाजात म्हणाली, "का एवढे मोठे फोटो आणि हार नाही? बरं नाही दिसत. काकाजीले दिसते कुठं?" तिच्या बोलण्यात माया होती, खोट नव्हती. ती चहा टाकायला आत गेली.

मी मारोतरावांशी बोलत बोलत भिंतीपाशी गेले. यांची तब्येत, स्टुडिओत आता रंगीत फोटो येतात, असलं काहीबाही. आणि बोलता बोलता पहिल्या चित्रावरची माळ उतरवली. मग दुसऱ्यावरची. तिसरीचा काचेला स्पर्श झाला.

"काय करून राहिली, पोरी?"

"धूळ पुसून राहिले, काकाजी."

"काडी आहे ना जाग्यावर?"

पहिलं चित्र माझं दुसऱ्यांदा छापलेलं होतं. मी त्याच्यापुढे उभी राहिले. इतक्या वर्षांत थोडं पिवळं पडलं होतं, पण पाणी तसंच फाटलेलं, खांब तसाच चाललेला, आणि बाजूला ती केसाएवढी रेघ. पाहून मला पहिल्या दिवसासारखंच झालं.

"आहे," मी म्हणाले. "स्पष्ट आहे."

त्यांनी मान डोलावली. तोंड भिंतीकडे, डोकं कलतं, लिफ्टच्या दाराशी उभे राहत तसं. हा माणूस तीस वर्षं ऐकत बसला आहे, असं माझ्या मनात आलं. मग माझ्या हाताला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी बोटाच्या पेरानं चित्राच्या लाकडी पट्टीवर ठोके दिले. ठक, ठक, ठक. सारखं अंतर ठेवून.

मारोतराव ताठ झाले. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, हवेत पुढे गेला आणि दांडा धरल्यासारखी मूठ वळली. मग ती मूठ ते मागे घेऊ लागले. इतक्या सावकाश, की मला आधी कळलंच नाही की ती हलते आहे. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, ओठ मिटलेले होते. सुमन चहाचे कप घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. तीनशे फूट. मी मनात मोजायचा प्रयत्न केला, आणि सोडून दिला. अखेर मूठ छातीशी आली, अलगद थांबली, धक्का म्हणून नाही. त्यांनी श्वास सोडला.

"उतरा गा," ते म्हणाले. "सावकाश उतरा."

मी भिंतीपाशी उभी होते, प्लॅस्टिकच्या माळा हातात घेऊन.